ऑनलाइन घेतलेला चांदीचा रुपया खरा की नकली: तपासणी कोणत्या क्रमाने करायची

चुंबक लावावं, वजन करावं, भिंगातून पाहावं, एवढं नवख्या संग्राहकालाही ठाऊक असतं. तरी माणसं फसतात, कारण हे सगळं पैसे गेल्यावर होतं. आधी फोटो आवडतो, मग ‘शेवटचा एकच नग’ वाचून घाई होते आणि पैसे पाठवले जातात. पार्सल आलं की नाणं पुसून कपाटात जातं. महिन्याभराने एखादा जाणकार ते हातात घेतो आणि नुसती मान हलवतो. तोवर परतीची मुदत संपलेली असते आणि पुसल्यामुळे नाणं पहिल्या स्थितीतही राहिलेलं नसतं.

म्हणून हा लेख तपासण्यांपेक्षा त्यांच्या क्रमाबद्दल जास्त आहे. उदाहरणासाठी ब्रिटिश हिंदुस्थानातला चांदीचा रुपया घेतला आहे. राणीछाप आणि राजाछाप रुपये आपल्याकडे घरोघरी होते, ऑनलाइन त्यांची विक्री भरपूर होते आणि नकलाही तितक्याच. शिवाय त्यांची मोजमापं पक्की आहेत, त्यामुळे पद्धत शिकायला याहून सोयीचं नाणं नाही. शिवराई आणि होनाचे नियम वेगळे आहेत, ते शेवटाकडे दिले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. घरी करता येणारी कोणतीही तपासणी नाणं खोटं असल्याचं दाखवू शकते. ते खरं असल्याचं एकटी तपासणी कधीच दाखवत नाही. नाणं एका टप्प्यात टिकलं तर ते पुढच्या टप्प्याला पात्र ठरलं, इतकाच त्याचा अर्थ.

## तयारी: जाहिरात उघडण्याआधी

पुढच्या वस्तू हाताशी असू द्या:

- 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणि तो तपासायला एक प्रमाण वजन
- डिजिटल कॅलिपर (व्यास आणि जाडी मोजायला)
- दहापट मोठं दाखवणारं भिंग
- छोटं पण जोरदार निओडिमियम चुंबक
- प्लास्टिकचा हलका पेला आणि बारीक दोरा
- ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून घेतलेलं एक खरं, स्वस्त नाणं

यादीतली शेवटची वस्तू सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच कोणी घेत नाही. पाचव्या जॉर्जचा 1918 सालचा रुपया बाजारात मुबलक मिळतो. तो एक घेऊन ठेवा. अक्षरांची कड कशी उठते, झीज आधी कुठे लागते, कडेवरच्या रेघा किती खोल असतात, हे त्याच्याकडे पाहून जितकं कळतं तितकं शंभर फोटोंतून कळत नाही. संशयित नाणं नेहमी या नाण्याच्या शेजारी ठेवून पाहायचं.

मोजमापं वहीत लिहून ठेवा:

- 1835 ते 1939 चा रुपया: वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा. चांदी 91.7 टक्के, बाकी तांबं. व्यास साधारण 30.5 मिलिमीटर.
- त्याच चांदीतली अधेली 5.83, पावली 2.92 आणि चवली 1.46 ग्रॅम.
- 1940 ते 1945 चा रुपया: वजन तेच, पण चांदी फक्त 50 टक्के. उरलेल्यात तांबं 40, निकेल 5 आणि जस्त 5 टक्के. कडेच्या मधोमध खोबण आणि तिच्यात नक्षी.
- 1947 चा वाघाचा रुपया: निकेलचा, व्यास 28 मिलिमीटर. चांदी अजिबात नाही.

## टप्पा 1: असं नाणं कधी पडलं होतं का?

नाणं खरं की खोटं हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, जाहिरातीत लिहिलेलं नाणं टाकसाळीत कधी तयार तरी झालं होतं का? इथे काही खर्च नाही, फोटोही बारकाईने पाहावा लागत नाही, आणि नकलांचा मोठा ढीग इथेच बाद होतो.

राजा, किताब आणि साल एकमेकांशी जुळतात का ते बघा. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर 1876 पर्यंत ‘क्वीन’ आहे आणि 1877 पासून ‘एम्प्रेस’. त्यामुळे 1862 साल आणि ‘एम्प्रेस’ एकाच नाण्यावर असतील तर पुढे पाहायचं कारण नाही. सातव्या एडवर्डचे रुपये 1903 ते 1910 चे. आठव्या एडवर्डने 1936 सालीच गादी सोडली आणि त्याच्या छापाचं ब्रिटिश हिंदुस्थानचं नाणं निघालंच नाही. त्याचा ‘अतिदुर्मीळ रुपया’ दिसला तर तो आधुनिक खेळणं समजा.

दुसरा ढीग ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या देवादिकांच्या नाण्यांचा. एका बाजूला रामदरबार, हनुमान किंवा कमळ, दुसऱ्या बाजूला ‘यूकेएल वन आना’ किंवा ‘हाफ आना’, आणि साल 1616, 1717 किंवा 1818. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. 1616 साली सुरतेत कंपनीचे पाय नुकते रोवले जात होते. मुंबई बेट तिच्याकडे आलं 1668 साली. एक आण्याचं नाणं चलनात यायला तर 1907 साल उजाडलं. हे तुकडे देवस्थानांबाहेर आणि जत्रेत मिळणाऱ्या टोकनांच्या जातीचे. श्रद्धेने देवघरात ठेवायला हरकत नाही, पण त्यांना लाखांची किंमत सांगणारा माणूस लबाड आहे. तांदूळ ओढून घेणारी ‘चमत्कारी’ नाणी त्याच माळेतली, आणि त्यांच्या नावाखाली लोकांनी आयुष्यभराची बचत घालवली आहे.

थांबा. राजा, किताब, साल, किंमत आणि टाकसाळीची खूण या पाच गोष्टींपैकी एक जरी नाण्यांच्या विश्वासू सूचीशी किंवा संग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहाशी जुळली नाही तर विक्रेत्याला प्रश्नही विचारू नका. ‘सूचीत नाही म्हणूनच दुर्मीळ’ हे वाक्य ऐकलं की जाहिरात बंद करा.

## टप्पा 2: किंमत आणि जाहिरातीची भाषा

1939 पर्यंतच्या रुपयात सुमारे 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीच्या चांदीच्या एका ग्रॅमच्या दराला 10.7 ने गुणा. विक्रेता त्याहून कमी मागत असेल तर नाणं चांदीचं असण्याची शक्यता जवळजवळ नाही. वितळवूनही जास्त पैसे येतील ते नाणं कोणी स्वस्तात का देईल? हा हिशेब दोन मिनिटांचा आहे आणि तो न केल्यामुळे लोक ‘पाच राणीछाप रुपये, एकत्र स्वस्तात’ असली पाकिटं घेतात.

मग मजकूर शब्दन्शब्द वाचा. ‘रेप्लिका’, ‘फँटसी’, ‘टोकन’, ‘अँटिक स्टाइल’, ‘पूजेसाठी’ असे शब्द खाली बारीक अक्षरांत दडलेले असतात. ते असतील तर विक्रेत्याने कायद्याने स्वतःला मोकळं करून घेतलं, असं धरा. ‘मला यातलं कळत नाही, आजोबांच्या पेटीत सापडलं’ हेही नेहमीचंच वाक्य. ज्याला यातलं काही कळत नाही तो नेमकं सर्वांत महाग साल शीर्षकात लिहितो, इकडे लक्ष द्या.

‘शेतात हंडा सापडला’ ही कथा असेल तर आणखी सावध व्हा. ती खोटी असेल तर नाणं नकली. खरी असेल तर भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 प्रमाणे दहा रुपयांहून जास्त मोलाचा सापडलेला ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. दोन्हीकडून तुमच्या वाट्याला त्रासच येतो.

## टप्पा 3: फोटो मागणं

जाहिरातीतल्या फोटोवर कधीच निर्णय घेऊ नका. आधी तो फोटो इमेज सर्चमध्ये टाका. जुन्या लिलावातला किंवा संग्रहालयातला फोटो उचलून वापरणं ही रोजची गोष्ट आहे.

त्यानंतर विक्रेत्याला हा मजकूर जसाच्या तसा पाठवा:

“नमस्कार. नाणं घेण्यात रस आहे. कृपया पाच गोष्टी पाठवा. दोन्ही बाजूंचे समोरून घेतलेले, फिल्टर नसलेले फोटो. सालाच्या आकड्यांचा जवळून फोटो, प्रकाश एका बाजूने. कडेचे चार फोटो, नाणं थोडं थोडं फिरवून. नाणं काट्यावर, आकडा दिसेल असं. शेजारी कागदावर आजची तारीख आणि माझं नाव. शिवाय दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ.”

नाव आणि तारखेचा कागद नाणं खरंच त्यांच्या हातात आहे हे दाखवतो. कडेचे फोटो बहुतेक विक्रेते टाळतात, आणि नकलेचा सर्वांत मोठा पुरावा कडेवरच असतो. न झिजलेल्या खऱ्या नाण्यावर प्रकाश कलता झाला की चमकेचे पट्टे पंख्यासारखे फिरतात. पॉलिश केलेलं नाणं सगळीकडे सारखं चकाकतं, ओतीव नाणं निर्जीव दिसतं. ही चमक स्थिर फोटोत कळत नाही म्हणून व्हिडिओ.

प्रामाणिक विक्रेत्याला या मागणीचा राग येत नाही. ‘घ्यायचं तर घ्या, दहा जण रांगेत आहेत’ असं उत्तर आलं तर ते नाणं त्या दहा जणांसाठी सोडा.

## टप्पा 4: फोटो वाचणं

इथे घाई करू नका. रात्री मोबाइलवर नको, दिवसा मोठ्या पडद्यावर पाहा, आणि तुमचा 1918 चा रुपया शेजारी ठेवा.

ओतीव नक्कल. खरा रुपया ठशांखाली दाब देऊन पाडलेला असतो. नक्कल पुष्कळदा साच्यात धातू ओतून बनते. ओतीव नाण्याच्या मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे किंवा बारीक फोड दिसतात. अक्षरांच्या कडा साबणाची वडी वापरल्यावर होतात तशा गोलसर होतात. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे कडेवर भोवती एक रेघ राहते, किंवा ती घासून काढल्याच्या कानशीच्या खुणा राहतात.

झीज आणि तपशील यांचा मेळ. वापरातलं नाणं उंच भागांवर आधी झिजतं, म्हणजे गाल, भुवईवरचे केस, मुकुटाचा उठाव, कानाची कड. मुकुटावरची नक्षी पुसट पण गालाचा उठाव नवाकोरा, असं दिसलं तर ती झीज नव्हे. साच्यात तपशील उतरलाच नव्हता.

तीच खूण दोन नाण्यांवर. एकाच विक्रेत्याची किंवा वेगवेगळ्या विक्रेत्यांची त्याच सालाची नाणी एकमेकांशेजारी ठेवून पाहा. राजाच्या मानेवर एक ओरखडा, सालातल्या 9 च्या डोक्यावर एक खड्डा, आणि दोन्ही खुणा नेमक्या त्याच जागी दुसऱ्याही नाण्यावर. वापरात नाण्याला बसणारा मार प्रत्येक नाण्याला वेगळा असतो. तो हुबेहूब तोच आला, तर दोन्ही नाणी एकाच मूळ नाण्याच्या नकला. ही खूण इतकी पक्की आहे की मी बाकी काही पाहण्याआधी हेच शोधतो.

फिरवलेलं साल. इथे धातू खरा, वजन खरं, टाकसाळ खरी असते. खोटा असतो तो एक आकडा. काटा आणि चुंबक इथे काही कामाचे नाहीत, म्हणून दोन प्रसिद्ध उदाहरणं जवळून पाहू.

पहिलं 1911 चं. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड निघाली की तो डुकरासारखा दिसू लागला, आणि त्यावरून गदारोळ झाला. 1912 पासून हत्ती नीट काढला गेला. म्हणून 1911 च्या रुपयाला जास्त मोल आहे आणि स्वस्त 1912 मधला 2 घासून 1 करण्याचा मोह आहे. साल बघून फसू नका, हत्ती बघा. 1911 साल आणि लांब सोंडेचा स्पष्ट हत्ती हे एकत्र असूच शकत नाहीत. नाणं इतकं झिजलंय की हत्ती दिसत नाही? मग 1911 चा जादा भाव देऊ नका.

दुसरं 1939 चं. सहाव्या जॉर्जचा 1939 चा मुंबई टाकसाळीचा रुपया हा जुन्या 91.7 टक्के चांदीतला शेवटचा. तो दुर्मीळ आहे, पण त्याच्या आधीचा 1938 चा सहज मिळतो. 8 चा 9 करायचा तर 8 च्या खालच्या गोलाची डावी बाजू कापावी लागते. सालाच्या जवळच्या फोटोत नेमकी तीच जागा पाहा. तिथे आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा खोलगटपणा, समांतर ओरखडे किंवा वेगळ्या रंगाची चमक आहे का? 9 चं शेपूट मध्येच तुटल्यासारखं संपतं का? शिवाय 1939 च्या रुपयाची कड साध्या उभ्या रेघांची असते. 1940 नंतरच्या रुपयांसारखी खोबणीतली नक्षी तिथे दिसली तर ते नाणं बाद.

टाकसाळीच्या खुणाही अशाच घातल्या किंवा काढल्या जातात. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर सालाखालच्या फुलाजवळ उठावदार ठिपका असला तर तो मुंबईचा, नसला तर कलकत्त्याचा. ठिपका असल्या-नसल्याने किमतीत मोठा फरक पडणारं साल असेल तर तेवढ्या भागाचा आणखी एक फोटो मागा.

## टप्पा 5: परतीची अट आणि पैसे

फोटो पटले, तरी पैसे लगेच पाठवू नका. आधी लेखी कबुली घ्या: “नाणं अस्सल नसल्याचं दिसल्यास मिळाल्यापासून इतक्या दिवसांत परत घेऊन पूर्ण रक्कम देईन.” व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेशही चालेल, पण ‘अस्सल’ हा शब्द आणि दिवस त्यात हवेत. सात दिवसांपेक्षा कमी मुदत मला अपुरी वाटते. बिलावर राजा, साल आणि टाकसाळ लिहून घ्या. नुसतं ‘जुनं नाणं, 1 नग’ असं बिल नंतर काही कामाला येत नाही.

सावधान. पैसे मिळवायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. परताव्याच्या नावाखाली कोणी तसं सांगितलं तर तो तुमच्याच खात्यातून पैसे काढतोय.

उलट बाजूची फसवणूकही इथेच सांगून टाकतो. तुमच्याकडचं जुनं नाणं किंवा नोट लाखांना घेतो, त्याआधी नोंदणी फी, कमिशन किंवा कर भरा, असा फोन येतो आणि रिझर्व्ह बँकेचं नाव घेतलं जातं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं आहे की ती असे व्यवहार करत नाही, त्यासाठी फी घेत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खासगीरीत्या भारताबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे व्हिक्टोरिया आणि एडवर्डचा प्रत्येक रुपया त्यात आला, पाचव्या जॉर्जचेही बहुतेक. पुण्याहून न्यू जर्सीला ‘भेटवस्तू’ लिहून नाणं पाठवायला तयार असलेला विक्रेता तुम्हालाही अडचणीत आणतो.

## टप्पा 6: पार्सल उघडणं

मोबाइल उभा करून ठेवा आणि चित्रण मध्ये न थांबवता पार्सल उघडा. बाहेरचा पत्ता आणि न फुटलेली चिकटपट्टी, मग आतलं पाकीट, मग नाणं, मग लगेच काट्यावरचं वजन. चित्रण मध्ये तुटलं तर ‘तुम्हीच नाणं बदललंत’ हे म्हणायला विक्रेता मोकळा. आलेलं नाणं टप्पा 3 मध्ये मागितलेल्या फोटोतलंच आहे का, हे ओरखड्यांवरून ताडून पाहा.

नाणं कडेला धरा. पुसू नका, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, लिंबू काहीही लावू नका. काळेपणा हा पुरावा आहे. तो धुतलात तर नाणं खरं निघालं तरी संग्राहकाच्या दृष्टीने त्याचं मोल घसरतं, आणि खोटं निघालं तर विक्रेता परत घेत नाही.

## टप्पा 7: वजन, व्यास, चुंबक, पाणी

याच क्रमाने करा.

1. वजन. काटा आधी प्रमाण वजनाने तपासा. नवाकोरा रुपया 11.66 च्या अगदी जवळ असतो, वापरलेला 11.4 किंवा 11.5 पर्यंत उतरतो. झिजून वजन कमी होतं, वाढत कधीच नाही. त्यामुळे 11.8 ग्रॅमचा झिजका रुपया जास्त संशयास्पद, आणि न झिजलेला दिसणारा 11.1 ग्रॅमचाही तितकाच.

2. व्यास आणि जाडी. तीन ठिकाणी मोजा आणि तुमच्या खऱ्या नाण्याशी ताडून पाहा. हलक्या धातूची नक्कल योग्य वजनाला आणायची तर ती जाड करावी लागते. वजन बरोबर पण जाडी जास्त, हा चांदी नसल्याचा सरळ इशारा.

3. चुंबक. चांदीच्या नाण्याला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल. मात्र 1947 च्या निकेलच्या रुपयाला चिकटलंच पाहिजे, तिथे न चिकटणं हीच खोट. दुसरी चूक याहून मोठी: न चिकटलं म्हणजे चांदी, असं नव्हे. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर (यात चांदी नसते), शिसं यांनाही चुंबक चिकटत नाही.

4. पाण्यातलं वजन. घरी करता येण्यासारखी सर्वांत बोलकी तपासणी हीच आणि ती फार कमी लोक करतात. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. नाण्याला बुडबुडे चिकटले तर हलकेच हलवून घालवा. आता काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. उत्तर म्हणजे धातूची घनता. नंतर नाणं मऊ कापडावर ठेवून नुसतं टिपा, घासू नका.

समजा कोरडं वजन 11.58 आणि पाण्यातला आकडा 1.12. भागाकार 10.34. 91.7 टक्के चांदीची घनता साधारण एवढीच, म्हणजे नाणं या टप्प्यात टिकलं. दुसरं नाणं 11.62 ग्रॅमचं, पण पाण्यातला आकडा 1.31. भागाकार 8.87, तांब्याच्या किंवा तांबं-निकेलच्या जवळचा. चांदीचा मुलामा कितीही सुरेख असो, पाण्यातला आकडा बदलत नाही. 1940 ते 1945 च्या रुपयाचं उत्तर मात्र 9.5 च्या आसपास यायला हवं. तिथे 10.3 आलं तर तेही चूकच.

काय करू नये. ‘बंदा रुपया खणखणीत वाजतो’ म्हणून तो फरशीवर टाकून पाहू नका. कडेला खोक पडते आणि आवाजावरून खात्रीचं काही कळत नाही. सराफाला कसोटीवर घासायला देऊ नका. त्याने नाण्यावरचा धातू जातो. धातूचं प्रमाण सांगणारं एक्स-रे मशीन काही सराफांकडे आणि हॉलमार्किंग केंद्रांत असतं, त्याने नाण्याला इजा होत नाही. ते फक्त वरचा थर वाचतं म्हणून मुलामा त्याला फसवू शकतो, पण पाण्यातल्या वजनाबरोबर त्याचा फार उपयोग होतो. विशेषतः धनत्रयोदशीसाठी आजच्या शुद्ध चांदीत पाडलेले राणीछाप ‘रुपये’ पकडायला. पाण्यातल्या वजनात 99 आणि 91.7 टक्क्यांमधला फरक घरच्या काट्यावर निसटतो, मशीनवर निसटत नाही. जुन्या नाण्याचा पृष्ठभाग प्रत्यक्षापेक्षा थोडी जास्त चांदी दाखवतो, त्यामुळे 92-93 टक्के आले तर घाबरू नका. 99 आले तर नाणं परत करा.

## टप्पा 8: भिंगाखाली

धातू खरा ठरला, म्हणजे आता ठसा. टप्पा 4 मध्ये फोटोत शोधलेलं सगळं पुन्हा प्रत्यक्ष पाहा, या वेळी एका बाजूने प्रकाश टाकून आणि नाणं फिरवत. सालाच्या प्रत्येक आकड्याचं मूळ बघा. पाडलेल्या नाण्यात आकडा पृष्ठभागातूनच उगवतो, चिकटवलेल्या आकड्याच्या मुळाशी बारीक फट किंवा डाकाची रेघ असते. अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत मळ आहे का? खऱ्या जुनेपणाचा काळपटपणा खोबणीत गडद आणि उंच भागांवर फिका असतो. रसायनाने आणलेला काळेपणा सगळीकडे सारखा किंवा डागाडागांचा असतो.

मग कडेवरच्या रेघा. तुमच्या नाण्याशी त्यांची रुंदी आणि खोली ताडून पाहा. शेवटी नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला धरून फिरवा आणि मागची बाजू सरळ येते की उलटी ते बघा. दोन्ही नाण्यांत ती सारखी हवी.

## सीलबंद नाणं असेल तर

नाणी तपासून त्यांची प्रत ठरवणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसीसारख्या संस्थेच्या सीलबंद डबीत नाणं आहे, म्हणून तपासणी सोडू नका. डबीही नकली बनते. डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः टाका, विक्रेत्याने पाठवलेल्या दुव्यावरून नको. क्रमांक सापडला तरी काम अर्धंच. खऱ्या डबीचा क्रमांक उचलून खोट्या डबीवर छापतात. संस्थेकडे त्या नाण्याचा फोटो असेल तर ओरखडा न् ओरखडा जुळवा. फोटो नसेल तर साल, प्रत आणि वर्णन तरी तंतोतंत जुळलं पाहिजे. अनोळखी संस्थेच्या डबीला साध्या प्लास्टिकच्या डबीइतकीच किंमत द्या.

## शिवराई आणि होन

वरचे वजन-व्यासाचे काटेकोर नियम इथे लावू नका. शिवराई हाताने ठोकून पाडलेली आहे. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं पूर्ण क्वचितच उमटतात. कडेला चिरा असतात, आकार वेडावाकडा असतो. म्हणून तबकडीसारखी गोल, दोन्हीकडे सगळी अक्षरं मधोमध आणि स्वच्छ, अशी शिवराई स्वस्तात मिळत असेल तर आधी संशय घ्या. हिरवा गंज बोटाने किंवा ओल्या कापसाने सहज निघत असेल तर तो रसायनाचा. आणि साधी शिवराई दुर्मीळ नाही. ती पुढेही दीर्घकाळ पडत आणि चालत राहिली, म्हणून ‘महाराजांच्या हातची’ असं सांगून मोठी रक्कम मागणाऱ्याला नेमका प्रकार कोणता ते विचारा.

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन हा वेगळाच विषय. तो अत्यंत दुर्मीळ आहे आणि आपल्या मनात त्याला जे स्थान आहे त्याचाच बाजार मांडला जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर, अनोळखी माणसाकडून, पूर्वीच्या मालकीच्या कागदांशिवाय होन घेऊ नका. तिथे कोणतीही घरगुती तपासणी पुरेशी नाही.

## अजून शंका असेल, किंवा नाणं खोटं निघालं तर

मोठ्या रकमेच्या नाण्याला दुसरे डोळे हवेतच. परतीची मुदत चालू असतानाच तुमच्या शहरातल्या नाणेसंग्राहक मंडळातल्या दोन वेगवेगळ्या माणसांना नाणं दाखवा, आणि विक्रेत्याच्या ओळखीच्या माणसाचं मत धरू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईत रिझर्व्ह बँकेचं आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन आहे. तिथली अस्सल नाणी काचेपलीकडून का होईना, घेण्याआधी एकदा पाहून या.

नाणं नकली ठरलं तर त्याच दिवशी विक्रेत्याला लेखी कळवा. सोबत वजनाचा फोटो, पाण्यातला आकडा, पार्सल उघडतानाचं चित्रण आणि त्याने दिलेली अस्सलपणाची कबुली जोडा. संकेतस्थळावरून घेतलं असेल तर तिथेही तक्रार नोंदवा, आणि दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. विक्रेता गायब झाला असेल तर पैसे गेल्याचं कळताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते.

परत न घेतलेलं नकली नाणं ‘जसं मिळालं तसं’ म्हणून पुढे विकू नका. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘नक्कल’ लिहा, कशावरून ओळखली ते खाली नोंदवा आणि तुमच्या 1918 च्या खऱ्या रुपयाशेजारी ठेवा. पुढच्या वेळी फोटो ताडून पाहायला दोन्ही लागतील.